वीस नंबरच्या कार्डावरचा चहा

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतो आहे, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसून पान उलटलं आहे. माझी सगळी नोकरी कागदांत गेली. कागदावर आहे ते खरं, नाही ते खोटं — इतकं सरळ माझं डोकं चालायचं. आता वय ऐंशीच्या पुढं गेलंय. एका माणसाला मी चोर ठरवलं होतं आणि तो चोर नव्हता, हे आधी सांगायचं आहे. जे मला उमगलेलं नाही ते त्याच्या मागून येतं.

हुमनाबादला एका सावकारांच्या लॉऱ्या होत्या, त्यांच्याकडं मी मुन्शी होतो. ऑफिस म्हणजे बसस्टँडमागची एक खोली, एक टेबल आणि कुलपाचा ड्रॉवर. आमचा भाग म्हैसूर राज्याला जोडून दहा-बारा वर्षं झाली असतील. आम्ही शिकलो उर्दूत आणि मराठीत, आणि आता पाट्या, पावत्या सगळं हळूहळू कन्नडात येत होतं. बोलायला कन्नड मला चांगलं यायचं, वाचायला नाही. आकडे तेवढे माझे मीच शिकून घेतले होते... म्हणजे, ते मला येतात असं मी समजत होतो.

हुमनाबादहून गुलबर्ग्याला जाताना कमलापूरच्या अलीकडं लाल मातीचा मोठा माळ लागायचा. त्या माळावर हातानं दांडा फिरवायचा एक डिझेल पंप होता आणि त्याला लागून दुकान — चहा, बिडी, दोरखंड, साखर, साबण. दोन्ही बसण्णा नावाचा एकच माणूस चालवायचा. आसपास दुसरं घर नव्हतं. बसण्णानं लॉरीमालकांना जाड पुठ्ठ्याची कार्डं दिली होती. ड्रायव्हरनं कार्ड दाखवायचं, बसण्णानं कार्डाचा नंबर घालून चिठ्ठी लिहायची, ड्रायव्हरनं खाली सही करायची. माल आणि रक्कम बसण्णा मोडक्या मराठीत लिहायचा, कार्डाचा नंबर तेवढा कन्नड आकड्यांत. महिनाअखेरीला चिठ्ठ्यांचा गठ्ठा माझ्याकडं यायचा. आमच्याकडं वीस ते चोवीस अशी पाच कार्डं होती. चार लॉऱ्यांची, आणि एकविसावं, नुकतंच दिलेलं, सावकारांच्या जीपचं. जीप त्यांचे जावई वापरायचे, चालवायला ड्रायव्हर होता.

वीस नंबरचं कार्ड शिवरामकडं. शिवराम ठाणाकुशनूरचा. छप्पन सालानंतर त्यांच्या वस्तीनं बौद्ध धर्म घेतला, तिथं मोठ्यांसाठीही वर्ग भरायचा, आणि शिवराम लग्न झाल्यावर तिथं अक्षरं शिकला होता. सही करताना जीभ दातांत धरायचा. र मोठा काढायचा, शेवटचा म ओळीबाहेर जायचा. बाकीचे ड्रायव्हर अंगठा लावून मोकळे व्हायचे, पण शिवराम कधीच नाही.

एका महिन्यात वीस नंबरवर सात चिठ्ठ्या जास्त निघाल्या. थोडं थोडं डिझेल, आणि दुकानातून साखर, वासाचा साबण, बिस्किटाचे पुडे, टॉर्चचे सेल. सातही चिठ्ठ्यांवर अंगठा होता.

मी शिवरामला बोलावलं. रेवणप्पा ड्रायव्हर आणि दोन हमाल तिथंच बसले होते.

"मुन्शीजी, हे माझं न्हाई," शिवराम म्हणाला.

"नंबर वीस आहे. कार्ड तुझ्याकडं आहे."

"अंगठा बघा की. मी कवा अंगठा लावलो का?"

"सही ओळखू येईल म्हणूनच लावलास," मी म्हणालो.

हे वाक्य मला तेव्हा फार हुशारीचं वाटलं होतं.

त्यानं चिठ्ठ्या परत टेबलावर ठेवल्या. मग म्हणाला, "असं करा, एकदा माझ्यासंगं पंपावर चला. बसण्णाला समोरासमोर इचारा. चहा माझ्याकडून."

रेवणप्पा फिस्सकन् हसला. "मुन्शी तुझा चहा पितेत व्हय रे? परत आंघोळ करावं लागंल त्यान्ला."

हमाल हसले. मीही हसलो. शिवराम माझ्याकडं बघत होता.

दुसऱ्या दिवशी सावकारांनी त्याला काढला. कार्ड मी ड्रॉवरात टाकून कुलूप लावलं, किल्ली माझ्या कमरेच्या करगोट्याला असायची. आमच्या रस्त्यावर ड्रायव्हर चोर आहे असं एकदा पसरलं की त्याला दुसरी लॉरी मिळत नसे. शिवरामलाही मिळाली नाही.

पाच महिने गेले. एके दिवशी परमिटच्या कामाला गुलबर्ग्याला जाणारा माणूस तापानं पडला आणि सकाळी आठला सावकार म्हणाले, तुम्हीच जा. मी रेवणप्पाच्या लॉरीत बसलो. डिझेल घ्यायला तो पंपावर थांबला तेव्हा लख्ख ऊन होतं. मी पहिल्यांदाच तिथं उतरलो होतो. दुकानापुढच्या बाकड्यावर बसतो न बसतो तोच बसण्णानं चहाचा ग्लास पुढं ठेवला.

"मी सांगितला नाही," मी म्हणालो.

"तुमचा ड्रायवर सांगून गेलाय की. मघा आला होता, चालत. मुन्शीजी आज येतेत, त्यांचा चहा माझ्या कार्डावर टाक म्हणला."

"कोणता ड्रायव्हर?"

"वीस नंबर. शिवराम."

"त्याला काढून पाच महिने झाले."

"मला काय ठाव, यप्पा? कार्ड दाखवला, चिठ्ठी केलो."

मी नकळत कमरेला हात लावला. किल्ली जागेवर होती.

बसण्णानं चिठ्ठी दाखवली. चहा एक. खाली शाई नीट वाळलेली सही — मोठा र, ओळीबाहेर गेलेला म. वर नंबर. सहीपेक्षा त्या नंबराकडंच मी बघत राहिलो. दोनचा आकडा आपल्यासारखाच होता. पुढचं शून्य मात्र बारीक, गच्च बंद केलेलं होतं. त्या सात चिठ्ठ्यांवर ते असं नव्हतं. तिथं मोठं कडं होतं, एका बाजूनं तोंड उघडं राहिलेलं. घाईत लिहिलंय म्हणून मी सोडून दिलं होतं.

"बसण्णा, हे शून्यच ना?"

"व्हय, सोन्ने."

मी बोटानं बाकड्यावरच्या धुळीत ते उघड्या तोंडाचं कडं काढलं. "आणि हे?"

"ते ओंदु." तो हसला. "एक. कामून, तुमाला कन्नड आकडे येत न्हाईत व्हय मुन्शी? इतकं वरीस माझ्या चिठ्ठ्या वाचायलाव की."

म्हणजे एकवीस. सातही चिठ्ठ्या एकवीस नंबरच्या, सावकारांच्या जीपच्या. साबण, बिस्किटं, सगळं जावयाचं, आणि अंगठा जीपच्या ड्रायव्हरचा. शिवरामला काढल्यापासून तशी एकही चिठ्ठी आली नव्हती.

चहावर साय धरली होती. मी तो प्यायलो नाही. रेवणप्पानं हॉर्न दिला आणि मी उठलो.

परत आल्यावर आधी ड्रॉवर उघडला. कार्ड होतं तिथंच, वर पाच महिन्यांची धूळ. दोन दिवसांनी औरादकडची, म्हणजे शिवरामच्या भागातली, एक लॉरी आली, तिच्या ड्रायव्हरला मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"शिवराम? गेला की त्यो. बारा दिस झाले. हिरीच्या कामावर होता, दरड पडली अंगावर."

त्या दिवशीच मी सावकारांसमोर उभं राहायला हवं होतं. पण नाव जावयाचं निघणार होतं, आणि माझ्या मुलाची बीदरच्या कॉलेजातली फी सावकार भरत होते. आकडा मी चुकीचा वाचला, ती चूक. कळल्यावर गप्प बसलो, त्याला चूक म्हणता येणार नाही.

पुढच्या महिनाअखेरीच्या गठ्ठ्यात एक चिठ्ठी होती. कार्ड वीस, चहा एक, शिवरामची सही. त्याच्या पुढच्या महिन्यातही... मी रेवणप्पाबरोबर बसण्णाला निरोप पाठवला. त्याचं उत्तर आलं — अक्षर माझंच हाय, पण लिहिल्याचं आठवत न्हाई, आणि शिवराम काय परत दिसला न्हाई. मी त्या चहाचे पैसे खिशातून भरत गेलो, चिठ्ठ्या एका डब्यात जमवत गेलो आणि कुणाला काही बोललो नाही. सावकारांनी लॉऱ्या विकून ऑफिस बंद केलं तोवर, म्हणजे जवळजवळ सतरा वर्षं, एक महिना चुकला नाही. कुणीतरी सही गिरवत असेल, असं मी मनाला किती वेळा समजावलं. पण कोण, आणि एका चहासाठी कशाला? बसण्णाला पैसेच हवे असते तर त्यानं डिझेल लिहिलं असतं. आणि पहिल्या दिवशी मी तिथं येणार, हे मलाच सकाळी आठला कळलं होतं.

गेल्या महिन्यात मी ठाणाकुशनूरला गेलो. शिवरामची मुलगी तिथं राहते, शाळेतून मास्तरीण म्हणून रिटायर झालीय. चिठ्ठ्यांचा डबा तिच्यासमोर ठेवून मी सगळं सांगितलं. तिनं डबा जवळ ओढला. चार-पाच चिठ्ठ्या उचलून सहीवरून बोट फिरवलं.

"सही अप्पाचीच हाय," ती म्हणाली. मग म्हणाली, "पण अप्पा चहा पीत नव्हते काका. कधीच न्हाई. पित्ताचा त्रास होता."

 सतरा वर्षं मी ते चहा त्याचे समजत होतो, आणि तो दर महिन्याला माझाच चहा सांगत होता.

"माफी मागा म्हणालीस तर..." मी सुरू केलं.

"तोंडी नको. तवा चार माणसांत चोर म्हणलाव. आता लिहून द्या, लोक वाचतेत अशा ठिकाणी. नाव घालून." मग ती उठली. "बसा. चहा ठेवलाय."

तो मी प्यायलो, ग्लासात थेंब ठेवला नाही. बरं वाटलं असं म्हणणार नाही.

चिठ्ठ्या आता तिच्याकडं आहेत. त्या कुणी लिहिल्या, त्यावर सही कशी आली, हे मला आजही सांगता येत नाही आणि आता कळेल असंही वाटत नाही. मला सांगता येतं ते एवढंच — त्या सात चिठ्ठ्यांवरचा नंबर वीस नव्हता, एकवीस होता. शिवराम मारुती, राहणार ठाणाकुशनूर, यानं सावकारांचं काहीही घेतलं नव्हतं.