यमाचे वकील

मराठी वर्तमानपत्रात माणूस अपघाताने मरत नाही, त्याच्यावर काळ घाला घालतो. आमच्या औरंगपुऱ्यातल्या कचेरीत या काळाची बाजू घेणारा एकच माणूस होता, म्हणून त्यांना नाव पडलं यमाचे वकील. 'काळाचा घाला' असा मथळा टेबलावर आला की ते चष्मा कपाळावर चढवायचे आणि बातमीदाराला सगळ्यांसमक्ष विचारायचे, "काळाला अटक झाली का? नाही? मग त्याचं नाव कशाला छापता? यम बिचारा बोलावलं तिथं येतो. टायर गुळगुळीत कुणी ठेवले, ते लिही की." बातमीदार दात विचकून हसायचा. वकीलसाहेब मथळा खोडायचे. रात्रपाळीला कुणीतरी तो पुन्हा घालायचं आणि सकाळी काळ पहिल्या पानावर हजर असायचा. मधल्या काळात शहराचं नाव बदललं, पाट्या बदलल्या, आमचा मथळा काही बदलला नाही.

ते जिल्हा पानाचे उपसंपादक होते. कायद्याशी त्यांचा संबंध कोर्टासमोरच्या टपरीवर चहा पिण्यापुरता. अंगाने काटकुळे, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत डबा. मी नवीन लागले तेव्हा पहिल्याच दुपारी त्यांनी अर्धी भाकरी आणि ठेचा माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "खा पोरी. इथं पगार उशिरा होतो, भूक वेळेवर लागते." तेव्हापासून ती अर्धी भाकरी माझीच. त्यांच्या तिरकस बोलण्याचा राग आलेली माणसं कचेरीत पुष्कळ होती, पण त्यांच्या डब्याला नाही म्हणालेलं कुणी मला आठवत नाही.

कुठल्याही वाहनात ते सरळ बसत नसत. एकदा आम्ही दोघं रिक्षाने निघालो. रिक्षाचा पुढचा दिवा सुतळीने बांधलेला, काचेवर मात्र झेंडूचा ताजा हार. वकीलसाहेब वाकून दिव्याकडे बघत उभे राहिले. "हा लावता का कधी?" रिक्षावाला म्हणाला, "चाचा, मालूम है रस्ता. आँख बंद करके ले जाऊंगा." "तेच तर म्हणतो," वकीलसाहेब म्हणाले, "तू डोळे मिट, दिवा मिटलेलाच आहे." आम्ही चालत गेलो. माझी चप्पल नवी होती आणि मी वाटभर त्यांना मनातल्या मनात शिव्या दिल्या.

मग एका खासगी ट्रॅव्हल्सची स्लीपर बस जळाली. शेंद्र्याच्या पुढे, पहाटे, कठड्याला धडकून आडवी झाली आणि पेटली. चालक गेला, बरेच प्रवासी गेले. मागे संकटकाळी उघडायचा दरवाजा होता. पण तिथं मालकाने दोन जादा बर्थ ठोकून घेतले होते. दरवाजा बाहेरून दिसत होता, त्यावर लाल अक्षरांत नावही होतं. आतून फक्त गादी आणि प्लायवूड.

त्यानंतर आठ-दहा दिवस आमच्या शहरात जी चर्चा झाली तिला तोड नाही. टीव्हीवर चार चौकटींत चार तज्ज्ञ बसवले होते आणि चौघं एकदम बोलत होते. एकाच्या मते रस्ता फार सरळ म्हणून झोप येते. दुसऱ्याने रस्त्याची दिशा वास्तुशास्त्राला धरून नसल्याचं सांगितलं. टपरीवरच्या एकाच्या साडूला त्या जागी पांढऱ्या साडीतली बाई दिसली होती. एका पुढाऱ्याने अपघाताच्या जागी शांती करवली आणि तिचे फोटो आमच्याकडे पाठवले. तपासणी मोहीमही निघाली. चार दिवस गाड्या थांबवून आग विझवायची नळकांडी मोजली, ती रिकामी आहेत की भरलेली हे पाहायचं राहून गेलं. दरवाज्याबद्दल या सगळ्या गदारोळात कुणी चकार शब्द काढला नाही. वकीलसाहेब म्हणाले, "लिंबू-मिरची दर शनिवारी बदलतात. गाडीत तेवढीच एक वस्तू ताजी असते."

अपघात झाला त्या दिवशी त्यांची साप्ताहिक सुट्टी होती. म्हणून मथळा निर्धास्तपणे पडला: 'काळाचा घाला', आणि खाली ठळक अक्षरांत, 'चालकाला डुलकी'. दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी दरवाज्याची बातमी लिहिली. संपादकांनी ती बाजूला ठेवली. म्हणाले, चौकशी चालू असताना वर्तमानपत्राने निष्कर्ष काढू नये. डुलकीचा निष्कर्ष आम्ही चौकशी सुरू व्हायच्या आधीच काढला होता. त्याच अंकात त्या ट्रॅव्हल्सची जाहिरात होती, ही गोष्ट मी सांगायला नको.

आठवड्याभराने चालकाची बायको कचेरीत आली. कांताबाई, हर्सूलला राहणाऱ्या. हातात तो अंक. "जयभीम साहेब," त्या वकीलसाहेबांच्या टेबलाशी येऊन म्हणाल्या, कारण बसा म्हणणारे तेवढे एकच होते. "हे डुलकीचं कुणी लिव्हलं?"

"पोलिसांनी तसं सांगितलं म्हणतात," वकीलसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज मी इतका खाली गेलेला कधी ऐकला नव्हता.

"पोलीस व्हते का गाडीत? समदे झोपले व्हते साहेब. झोपायचीच गाडी हाय ती. मंग माझा माणूस झोपला, हे कुणी बघितलं? जागं कोण व्हतं?" मग त्या हळू बोलल्या, "पोरीला शाळेत म्हणत्यात, तुझ्या बापानं माणसं जाळली. ती जाईना आता शाळंत. तुमी एक वळ छापा. कुणी बघितलं नाय म्हणून. दुसरं काय नको."

एक ओळ. त्या महिन्यात एका नगरसेवकाच्या वाढदिवसाच्या जाहिरातीत चुकून त्याच्या विरोधकाचा फोटो छापला गेला, तर दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर चौकटीत दिलगिरी आली, चौकटीला फुलांची नक्षी. कांताबाईंच्या ओळीसाठी मात्र पान सापडेना. वकीलसाहेब रोज संपादकांच्या केबिनमध्ये जायचे. संपादक म्हणाले, "तो जागा होता याचा पुरावा आहे तुमच्याकडे?" वकीलसाहेब म्हणाले, "नाही. मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नाही. मी छापलं नाही, तुम्ही छापलंत. एवढाच फरक."

पुढे चौकशीचा अहवाल आला. कारण: मानवी चूक. ते शब्द वाचून वकीलसाहेब प्रथमच मोठ्याने हसले, आणि ते हसणं ऐकून मला बरं वाटलं नाही. "मानवी चूक म्हणजे मेलेल्या मानवाची," ते म्हणाले. "जिवंत मानव कधी चुकत नसतो. त्याच्याकडे परवाना असतो." त्याच आठवड्यात त्यांना जिल्हा पानावरून काढून निधन वार्ता आणि पुण्यस्मरणाच्या पानावर बसवलं. यमाच्या वकिलाला यमाचं खातं दिलं म्हणून कचेरीत विनोद झाले. त्यांनी पिशवी उचलली आणि कोपऱ्यातल्या टेबलावर जाऊन बसले. जिल्हा पानावर कुणी 'डुलकी' लिहिली की त्या कोपऱ्यातून आवाज यायचा, "जागं कोण होतं?" नवी पोरं त्याला चेष्टा समजायची.

वर्ष झालं. कांताबाई नवऱ्याचा फोटो घेऊन आल्या. पहिल्या स्मृतिदिनाच्या पुण्यानुमोदनाची सूचना द्यायची होती. अशा सूचनेत फोटोखाली लोक चार ओळींची कविता टाकतात, आमच्याकडे तशा तयार कविता होत्या. वकीलसाहेबांनी त्या दाखवल्याच नाहीत. "काय छापू?" त्यांनी विचारलं. बाईंनी वर्षापूर्वीचंच वाक्य पुन्हा म्हटलं. वकीलसाहेबांनी काना-मात्रा न बदलता ते उतरवून घेतलं. सकाळी फोटोखाली छापून आलं: 'समदे झोपले व्हते. माझा माणूस झोपला, हे कुणी बघितलं?' त्याखाली पत्नी, मुलगी आणि हर्सूलच्या विहारातल्या कार्यक्रमाची वेळ.

ट्रॅव्हल्सच्या मालकाचा फोन आला असणार, कारण संपादक केबिनबाहेर येऊन ओरडले, "ही सूचना आहे की आरोप?"

"प्रश्न आहे," वकीलसाहेब म्हणाले. "उत्तर असलं तर उद्या छापा."

उत्तर छापून आलं नाही. कांताबाईंची मुलगी तो अंक दप्तरात घालून शाळेत गेली. वकीलसाहेब त्यानंतर थोड्याच दिवसांत निवृत्त झाले. निरोपाला संपादकांनी शाल दिली आणि 'परखड' हा शब्द तीनदा वापरला. त्या जळालेल्या गाडीच्या मालकाकडे आता पूर्वीपेक्षा जास्त गाड्या आहेत. चौकातून त्या जाताना दिसतात, पुढच्या काचेवर देवाचं नाव आणि लिंबू-मिरची. मागच्या दरवाज्याचं मला ठाऊक नाही, कारण तो उघडून बघेल असं आमच्यात आता कुणी उरलेलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात वकीलसाहेब गेले. दुपारी, घरातच. मी पोचले तेव्हा खोली भरलेली होती. भिंतीशी काकू, त्यांच्या पत्नी, बसल्या होत्या. दाराजवळ कांताबाई होत्या, हर्सूलहून दोन रिक्षा बदलून आलेल्या. वकीलसाहेबांचे मेहुणे येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगत होते, "पेपर वाचता वाचता डुलकी लागली, अन् गेले. पुण्यवान माणूस."

'डुलकी' हा शब्द ऐकून मी चपापले. कांताबाईंनी मान वर केली.

"कुणी बघितलं?" त्यांनी विचारलं.

कुठली बाई आणि काय वेळ, अशा नजरेने मेहुणे त्यांच्याकडे बघायला लागले. मी काही बोलणार, तेवढ्यात काकूंनी पदराने डोळे पुसले.

"मी बघितलं," त्या म्हणाल्या. "मी शेजारीच शेंगा सोलत बसले होते. चष्मा खाली सरकला तो मी काढून ठेवला. मी जागी होते."

कांताबाईंनी काकूंकडे नीट निरखून पाहिलं. मग माझ्याकडे वळल्या.

"मंग छापा," त्या म्हणाल्या.