गटार जिथं संपतं

वाढत्या शहराला पाणी आणि गटारं कशी पुरवायची, यावर महापालिकेत चर्चा चालली होती. प्रेक्षक गॅलरीत माझ्या शेजारी एक म्हाताऱ्या बाई मांडीवर कापसाच्या वाती वळत होत्या. पाण्याच्या टाकीवरून नगरसेवक हमरीतुमरीवर आले, तरी बाईंचा हात चालूच. गटारांचा विषय निघाला, की मात्र थांबायचा. मला राहवेना.

"कोणत्या वॉर्डातल्या, मावशी?"

"मी हितली न्हाई. आमचं गाव गोदावरीला, ह्या शहराच्या खालच्या अंगाला हाय. नवं पाणी कुणाला मिळंल, ते समदे विचारून राहिले. वापरून झाल्यावर कुठं सोडणार, ते कुणी विचारंना."

तेवढ्यात बाकं वाजली. विषय मंजूर झाला होता.

"या वाती कशासाठी?" मी विचारलं.

"नदीत दिवे सोडायला."

हात अजून थांबलेलाच होता.