बटाट्याच्या गावात आलेलं स्थळ

डच देशाच्या उत्तर टोकाला, ग्रोनिंगन शहराच्याही वर, समुद्र अडवायला घातलेल्या बांधाच्या अगदी पायथ्याशी असलेल्या एका गावात मी दोन वर्षं बटाट्याच्या रोगांवर संशोधन केलं. गावात एक चर्च, एक बसथांबा आणि माणसांपेक्षा मेंढ्या जास्त. मराठी बोलणारी मी एकटी. आठवडाभर कुणाशी मराठीत भांडले नाही की चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

अशात आईने पुण्याहून स्थळ सुचवलं. मुलगा याच देशाच्या दुसऱ्या टोकाला, झुइडास नावाच्या ऑफिसांच्या भागात आयटीत, राहायला जवळच्याच उइटहॉर्न गावात. महिनाभर फोनवर बोललो. इथे कढीपत्ता मिळत नाही, असं मी एकदा सहज म्हणून गेले होते. एका शनिवारी हा गृहस्थ दोन ट्रेन आणि आमची आठ सीटची गावबस बदलून दुपारी उतरला, तो हातात कढीपत्त्याची जुडी घेऊन. फुलांच्या देशात राहून! मला तो तिथेच आवडला. पण असं लगेच सांगायचं नसतं, निदान आमच्या घरात तरी.

आमची गावबस निवृत्त शेतकरी हौसेने, फुकट चालवतात. त्या दिवशीच्या ड्रायव्हर आजोबांनी वाटेत याची उलटतपासणी घेतली. याला डच ओ की ठो येत नाही, ऑफिसात सगळा कारभार इंग्रजीत. प्रत्येक प्रश्नाला हा हसून मान डोलावत आला. परिणामी पोहे परतून होईपर्यंत आमचा साखरपुडा झाल्याची बातमी गावभर पोचली आणि शेजारच्या बाई दोघांचं अभिनंदन करून गेल्या. तो बिचारा त्यांनाही हसून थँक्यू म्हणाला.

मग निवांत बोलू म्हणून बांधावर गेलो. तिथे वारा असा की तासभर आम्ही एकमेकांना फक्त "काय?" एवढंच विचारत होतो.

पावणेपाचला बस आली आणि तो चढून बसला. पुन्हा येण्याबद्दल त्याने अवाक्षर काढलं नव्हतं. पुण्यात असते तर मूग गिळून बसले असते. पण बसमध्ये चार म्हाताऱ्या आणि तेच आजोबा, मराठी एकालाही कळत नाही, हे लक्षात आलं. मी बसच्या दारात उभी राहून चांगलं खणखणीत म्हणाले, "मला तुम्ही आवडलात. तुम्ही गेलात की मला फार एकटं वाटणार आहे."

शब्द कळले नसतील, पण चारही म्हाताऱ्या त्याच्या लाल झालेल्या कानांकडे बघायला लागल्या. तो सीटवरून उठला आणि खाली उतरला. आजोबांनी माझ्याकडे बघत डचमध्ये बजावलं की ही आजची शेवटची बस, आणि उद्या रविवार, म्हणजे उद्याही बस नाही.

"काय म्हणाले ते?" त्याने विचारलं.

"म्हणाले, पुढची तासाभराने आहे."