तात्यांचा अर्धा तास

मोठा माणूस गेला की हातातलं काम थांबतं, असं म्हणतात. तात्या गेल्याचा दवाखान्यातून फोन आला तेव्हा आमच्या साखर कारखान्यात खरोखरच सगळं थांबलेलं होतं. ऊस चरकाकडे नेणाऱ्या गव्हाणीत मोळ्या अडकल्या होत्या. तासाभरात त्या निघाल्या आणि जो तो कामाला लागला.

कारखान्याचा जुना मेनफ्रेम संगणक तात्यांनी तीस वर्षं सांभाळला. कपाटांच्या रांगेएवढं ते मशीन. कुठल्या सभासदाने ऊस कधी लावला हे त्यात असायचं, आणि त्यावरून तोडीची पाळी ठरायची. सुटे भाग मिळेनासे झाले तेव्हा सगळी माहिती लिनक्सच्या सर्व्हरवर हलवायचं ठरलं. सर्व्हर टेबलाखाली मावत होता. अध्यक्षांना ते बरं दिसेना, म्हणून त्याला काचेची खोली बांधली. तात्या एकेक गाव नव्या सर्व्हरवर उतरवायचे, मग दोन्ही याद्या शेजारी ठेवून नाव न् नाव ताडून पाहायचे. त्यांचं मागणं एकच होतं : शेवटचं गाव उतरलं की मशीन मीच बंद करीन. अध्यक्ष हो म्हणाले. पुढे समारंभाची पत्रिका छापून आली, तेव्हा तो मान प्रमुख पाहुण्यांकडे गेलेला होता.

पाहुणे वेळेवर आले. हा धोका कुणी धरलाच नव्हता. तात्या गर्दीतून वाट काढत पुढे गेले. “साहेब, देवळालीचा ऊस अजून उतरायचाय. अर्धा तास द्या.”

“तात्या, तीस वर्षं दिली की तुमाला,” अध्यक्ष म्हणाले. सगळे हसले... मीही हसलो. पाहुण्यांनी बटण दाबलं, टाळ्या झाल्या. ते मशीन पुन्हा कधी सुरू झालं नाही, आणि देवळालीच्या त्या वर्षीच्या ऊसलागणीच्या तारखा त्याच्याबरोबर गेल्या.

चौकशीचा अहवाल कार्यालयाच्या वतीने मी लिहिला. ‘संबंधित कर्मचाऱ्याने काम मुदतीत पूर्ण केले नाही.’ तात्यांनी तो उभ्यानेच वाचला, सही केली आणि मला म्हणाले, “भाऊसाहेब, वाक्य तुमचंच दिसतंय.” त्यांना गेटवर गाड्यांचे नंबर लिहायला बसवलं. तारखांवाचून पाळी लागेना, आणि देवळालीचा ऊस तुरे येऊन वजन घटेपर्यंत उभा राहिला. त्याचे मालक तावातावाने यायचे. अध्यक्ष भेटायचे नाहीत, तात्या मात्र गेटवरच असायचे. “काय तात्या, आमचा ऊस तुज्या मशीननं खाल्ला व्हय?” तात्या गाडीचा नंबर लिहीत राहायचे. दोन हंगाम त्यांनी ते ऐकलं. तिसऱ्यात छातीत कळ आली, तीही गेटवरच.

दहाव्याला तात्यांच्या घरी कोल्हारला गेलो. गोठ्याला राखाडी पत्र्याचं दार दिसलं... मेनफ्रेमच्या कपाटाचं. वहिनी म्हणाल्या, “भंगारात निघालं हुतं, ह्यांनी मागून आनलं. लई मजबूत हाय.” दारावर तात्यांच्या अक्षरात लिहिलेलं होतं : ‘परवानगीशिवाय हात लावू नये.’ म्हैस त्याला अंग घासत होती.