सूर्यानं गिळलेली नावं

ताडकळसच्या सरजाबाईचा बन्सीधर एकाहत्तरच्या लढाईत बेपत्ता झाला. मेला म्हणावं तर मढं नाही, जिवंत म्हणावं तर खबर नाही. घरात लग्नाला वर्षही न झालेली सून, कमल.

पलीकडच्या देशाचा रेडिओ दुपारी कैदेतल्या जवानांची नावं सांगतो, असं दिनकरराव गुरुजींनी सांगितलं आणि म्हातारीला जगायला निमित्त मिळालं. साल बहात्तरच्या दुष्काळाचं. पावसाळ्यातही सूर्य आग ओकत होता. विहिरी, पिकं, गुरं, सगळं त्यानं खाल्लं होतं. सरजाबाई दुष्काळी कामावर खडी फोडायची आणि दुपारच्या सुट्टीत भाकर तशीच ठेवून गुरुजींच्या ओसरीवर धावायची.

ऑगस्टातल्या एका दुपारी नावं सुरू झाली आणि आवाज खोल खोल गेला. मग नुसती खरखर, पुढे तीही नाही. गुरुजींनी काटा फिरवला, सेल बदलले. रेडिओ ढिम्म. तो पुन्हा बोलू लागला तोवर नावं संपली होती.

काही दिवसांनी पेपरात आलं तेव्हा गुरुजींनी समजावलं, "सूर्यावर लय मोठा भडका उडाला होता, सरजाबाई. त्यानं लांबून येणारा आवाज वाटेतच मारला. रेडिओचा दोष न्हाई."

गुरुजी भला माणूस. पण भल्या माणसांनीही कधी कधी गप्प बसावं. म्हातारी घरी आली ती ठाम होऊन. "त्याच वक्ताला माझ्या बन्सीचं नाव वाचलं. सुर्यानं ऐकू दिलं न्हाई!"

त्यांच्यात विधवेचा पाट लागायचा, दुसरं लग्न व्हायचं. कमलचा भाऊ आश्रुबा पिंगळीहून स्थळ घेऊन आला, तर म्हातारीनं त्याला दारातूनच हाकललं. त्या हिवाळ्यात कैदी सुटून आले. त्यात बन्सी नव्हता. "समदे थोडेच सोडले?" म्हणत ती हेका धरून बसली, आणि कमलची उमेदीची वर्षं चुलीपुढं गेली.

एकोणऐंशीत सरजाबाईला धाप लागायला लागली. आपल्यामागं या पोरीला कोण, या काळजीनं तिचं अन्न तुटलं. तिनं आपणहून आश्रुबाला बोलावलं. एक बिजवर तयार होता.

"कमल, बन्सी गेला, माय. तवाच गेला. तू जा."

कमल भाकरी थापत होती. ती उठली नाही. "गेले कसं म्हनता, आत्याबाई? त्यायचं नाव वाचलंय. मी दुसऱ्याच्या घरी गेले अन् ते आले, तर?"

सरजाबाई तिच्या पायांशी बसून हमसून हमसून रडली. आजवर ती पोरासाठी रडत आली होती, आज पहिल्यांदा सुनेसाठी. कमलनं पिठाच्या हातानंच तिचे डोळे पुसले आणि भावाला परत जायला सांगितलं.