काचेचं पोट भरतं तेव्हा

अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात आग्रहाला कधीही बळी न पडलेला माणूस एकच, आणि तो नेमका माझा साडू निघाला. हे मूळचे मंद्रूपचे, भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. बोली मात्र वर्गातही बदलली नाही. त्यांच्या पुतण्याच्या लग्नात मुलीचे वडील जिलबीचं ताट घेऊन पंगतीत आले, तेव्हा साडूंनी पानावर हात आडवा धरला. "तिसऱ्या जिलबीला पोट भरलं. आता धा वाढल्या तरी सुख तेवढंच. मग कशाला?" ते गृहस्थ जे रुसले, ते थेट नातवाच्या बारशालाच बोलते झाले.

ह्या हट्टाचं मूळ आहे काचेत. ऑप्टिकल फायबरमध्ये, म्हणजे इंटरनेट वाहून आणणाऱ्या केसाएवढ्या काचेच्या तारेत, प्रकाशाचा एक क्षणभराचा झोत सोडला की तो पुढे जाता जाता पसरत जातो. प्रकाश प्रखर असेल तर काच स्वतःचा गुण बदलते आणि त्या पसरण्याला आवर घालते. जितका प्रकाश प्रखर, तितका आवर जास्त, असं बहुतेक जण धरून चालतात. साडू म्हणतात, एका मर्यादेपर्यंतच. पुढे काच भरते. मग प्रकाश कितीही वाढवा, आवर वाढत नाही आणि झोत पुन्हा ऐसपैस होऊ लागतो. हे त्यांनी मला शेतात हुरड्याची कणसं चोळता चोळता समजावलं. "काचेला बी पोट असतंय की, पाव्हणं! लोक तिला अधाशी समजून गणितं मांडत्यात." घरी इंटरनेट जोडायला आलेल्या माणसाचीही सुटका झाली नाही. तो शिडीवरून म्हणाला, "सर, चालू झालं." साडू खालून म्हणाले, "ते हुतंय हो, पर काच कवा भरती ते इचारा की!"

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण ह्या मर्यादेपायीच त्यांची डॉक्टरेट अडली. मार्गदर्शक म्हणाले, "इतक्या प्रखर प्रकाशापर्यंत जातंय कोण? समीकरणातलं तेवढं पद गाळा, गणित सुटसुटीत होईल, लगेच सही करतो." साध्या काचेपुरतं ते खरंही होतं. साडूंनी निवडलेली काच खास मिश्रणाची, लवकर भरणारी. ते पद गाळलं की उत्तर सोपं यायचं आणि खोटं यायचं. "खोटं लिवून डॉक्टर हुन काय करू?" म्हणत त्यांनी प्रबंध काखेत मारला आणि रिक्षा करून घरी आले. इकडे त्यांच्या बायकोनं, आमच्या अक्कांनी, दारावरची पाटी 'डॉ.' पुरती जागा सोडून आधीच करून आणली होती. सहीसाठी पुढेही निरोप येत राहिले. साडू हलले नाहीत.

परवा ते निवृत्त झाले. निरोप समारंभात प्राचार्य प्रेमाच्या भरात "आपले लाडके डॉक्टर" म्हणाले. टाळ्यांचा कडकडाट झाला. अक्कांचा चेहरा असा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. तेवढं ऐकून घेतलं असतं तर कुणाचं काय बिघडणार होतं? पण साडूंनी माईक ओढला. "डॉक्टर न्हाय मी. व्हायचं हुतं, लई व्हायचं हुतं. पर काच जशी हाय तशीच लिवली म्या." मला त्यांचा रागही आला आणि त्यांच्या पाया पडावंसंही वाटलं.

परतताना गाडीत अक्का म्हणाल्या, "अहो, खरं ते खरंच. पर घरी येऊन बोलला असता तर चाललं असतं की." साडूंनी अक्कांच्या मांडीवरचा हार आणि नारळ हळूच स्वतःकडे घेतला, आणि घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.