बेसिक की सी, आणि माईंचा गंधार

मंडळी, आठवडाभर मोडेमवरच्या या कट्ट्यावर आपण भांडतोय, कॉम्प्युटरकडून ताना करून घ्यायच्या तर प्रोग्राम लिहायला बेसिक भाषा बरी की सी? आज संध्याकाळी त्या भांडणातली हवाच गेली.

कोपर गावात माई गाणं शिकवतात. घशाच्या ऑपरेशननंतर त्यांना गाता येत नाही. म्हणून मुलींच्या रियाजासाठी मी बेसिकमध्ये भूप रागाच्या ताना बनवणारा प्रोग्राम लिहिलेला. आज त्याची कॅसेट भरून घेऊन गेलेलो.

माईंनी डोळे मिटून ऐकलं. मग घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "अरे, हा भूप की देशकार?"

चूक लगेच कळली. दोन्ही रागांचे सूर तेच पाच. कुठल्या सुरावर विसावायचं, त्यावर राग ठरतो. मी नुसते सूर भरलेले.

माईंनी पेटीवर गंधाराचा सूर धरून ठेवला. "भूपात इथे थांबायचं."

"किती वेळ, माई?"

"मन भरेपर्यंत."

मी कॅसेट काढायला गेलो, तर त्यांनी माझा हात धरला. "राहू दे. सोमवारपासून मुली यावरच रियाजाला बसतील."

"पण हे चुकीचं आहे ना!"

"माहितीये रे. दुसरं काय आहे माझ्याकडे?"

घरी आल्यापासून घास उतरत नाहीये. सी शिकायला मी तयार आहे, पण 'मन भरेपर्यंत' सीमध्ये तरी कसं लिहायचं? कुणाला येत असेल तर सोमवारच्या आत सांगा. माईच म्हणायच्या, चुकीचं एकदा गळ्यावर चढलं की उतरत नाही.